दाते मोजून ये

हा दिवा आधी उचल इथून. प्लग मी काढलाय, भिऊ नकोस. गुरुपौर्णिमेला विद्यार्थ्याने आणलेली भेट परत करू नये, हे मलाही कळतं. पण हात लावल्याबरोबर ज्याने कोपरापर्यंत झिणझिण्या आणल्या, तो दिवा माझ्या टेबलावर राहणार नाही आणि दुसऱ्या कुणाच्या घरातही राहता कामा नये. बस समोर. मोबाइल खिशात ठेव. चहा नंतर मिळेल.

काल तू गेल्यावर मी टेस्टर आणला आणि दिव्याच्या तांब्याच्या नळीला टेकवला. पेटला. मग तळाचे चार स्क्रू काढून आत पाहिलं. वायर दोन पदरी. नळीला ड्रिलने भोक पाडलंस, पण त्याची कड कानशीने मारली नाहीस. ब्लेडसारखी धार तशीच ठेवून त्यातून वायर ओढून घेतलीस. ओढताना साल निघाली आणि आतली तार नळीला टेकली. वर प्लग दोन पिनांचा, म्हणजे तो उलटा बसला की फेज कुठल्या तारेत येईल याचा भरवसा नाही. माझ्या पायात चप्पल होती आणि फरशी कोरडी होती, म्हणून झिणझिण्यांवर भागलं. फरशी ओली असती, दिवा पुसणारी कुणाची तरी आजी असती, तर आज आपण इथे बसून बोलत नसतो. 230 व्होल्ट आहेत ते. त्यांना तुझी कलाकुसर कळत नाही.

नववीच्या वर्कशॉपच्या तासाला मी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. तुझ्या वहीत आकृती होती, लाल शाईत मी 'छान' लिहिलं होतं. कुठे गेली ती वही? पुन्हा सांगतो, शेवटचं. धातूच्या अंगाच्या दिव्याला तीन पदरीच वायर लागते. हिरवी तार नळीला स्क्रू-वायसरने घट्ट धरायची, तीही रंग खरवडून, उघड्या धातूवर. भोकाची कड गोल करून त्यात रबरी बूश बसवायचं. वायर आत शिरते तिथेच तिला पकड द्यायची, म्हणजे बाहेरून हिसका बसला तरी होल्डरवर ताण येत नाही. बटण फेजवर. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टिकलीला, न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना. म्हणजे बल्ब बदलताना बोट आट्यांना लागलं तरी जीव जात नाही. आणि घरात गळती झाली की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असावा. हे शिकलेलं असून केलं नाहीस, म्हणून तुझी चूक जास्त मोठी.

असे किती विकलेस, असं मी काल विचारलं तेव्हा तू अभिमानाने चौदा म्हणालास. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता तुझ्या कामाकडे येऊ. दिव्याच्या पुढच्या बाजूला तीन दातेरी चाकं लावलीस, तिन्ही एकमेकांना भिडलेली. पहिलं उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे फिरणार. दुसरं डावीकडे, म्हणजे तिसरं उजवीकडे. पण ते तिसरं पहिल्यालाही भिडलंय आणि पहिलं त्याला डावीकडे ढकलतंय. मग त्याने जायचं कुठे? तिथेच अडकणार. विषम संख्येची चाकं अशी गोलात जुळवली की ती कधीच फिरत नाहीत. त्यातही एकाचे दाते बारीक, दुसऱ्याचे जाड. दात्यांचं माप एक नसेल तर दोन चाकंसुद्धा एकमेकांना धरत नाहीत. हातात कागद घेऊन पाच मिनिटं विचार केला असतास तर हे कळलं असतं. तू चाकं मांडलीस रांगोळीसारखी. रांगोळीला काही फिरवायचं नसतं, चाकाला असतं.

शिरूरच्या स्टँडबाहेर उन्हाळाभर रसवंतीवर बसून रस पितोस. कानिफनाथाच्या पाटीखाली घुंगरं वाजतात तिकडे तुझं लक्ष असतं, चरकाकडे एकदा तरी नीट पाहिलंस का? तीन लाटांच्या चरकात वरची लाट खालच्या दोघींना फिरवते. खालच्या दोन एकमेकींना शिवत नाहीत. दोघींमध्ये फट ठेवलेली असते, म्हणून तीन असूनही चरक चालतो आणि उसाचं चिपाड होऊन बाहेर पडतं. तुला जे जमलं नाही ते तुझ्या डोळ्यांपुढे दहा वर्षं फिरत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

मला स्टीमपंकचा राग आहे असं घरी जाऊन सांगू नकोस. हा शब्द के. डब्ल्यू. जेटर नावाच्या अमेरिकन लेखकाने 1987 मध्ये काढला, पण त्यामागचं वेड जुनं आहे आणि चांगलं आहे. वाफेचं युग संपलंच नसतं तर माणसाने काय काय केलं असतं, पितळ, तांबं, कातडं, काच घेऊन कसली यंत्रं उभी केली असती, हा विचार मलाही आवडतो. शाळेच्या ग्रंथालयात भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न मीच तुझ्या हातात दिला होता. त्याच व्हर्नने 1880 मध्ये एक कादंबरी लिहिली, ती हिंदुस्थानात घडते. 1857 नंतरचा काळ आहे, नानासाहेब पेशवेही त्यात आहेत, आणि वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो. हत्ती सगळा मनातला. तरी त्याच्या पोटात बॉयलर आहे, सोंडेतून धूर निघतो, त्याला पाणी लागतं, सरपण लागतं. कल्पनेतल्या हत्तीचंसुद्धा पोट त्या माणसाने रिकामं ठेवलं नाही. तू खऱ्या पितळेचं चाक घेतलंस आणि त्याला काही कामच दिलं नाहीस.

काम नाही दिलंस इथवरही मी ऐकून घेतलं असतं. पण ते चाक आणलंस कुठून?

काल रात्री भिंग लावून पाहिलं. एका चाकाच्या कडेला खोल खाचा आहेत आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नाही. पहिल्या काही खाचा जवळजवळ, मग अंतर वाढत गेलेलं. असं चाक ठोक्यांच्या घड्याळातच असतं. ते ठोके मोजतं. एक वाजता एक, दोन वाजता दोन, असे बारा तासांत 78 ठोके. अर्ध्या तासाचा एकेक धरला की 90. ते सगळं गणित त्या खाचांच्या अंतरात कोरलेलं असतं. आणि त्याच्या शेजारी तू जे मोठं चाक चिकटवलंस, त्याचा एक दाता बाकीच्यांपेक्षा फिकट आहे. सोनेरी स्प्रे मारलास, तरी दिसतो. तो दाता कुणी बसवला ते मला माहीत आहे, कारण तो बसवताना मी समोर होतो.

तुझे आबा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन शिरूरला आले आणि ते घड्याळ सोबत घेऊन आले. एकदा त्याची कमान तुटली. गुंडाळलेली कमान तुटते तेव्हा सगळा ताण एका झटक्यात सुटतो आणि जवळच्या चाकाचा दाता उडतो. तसा उडाला. शाळेच्या कार्यशाळेत माझ्या बाकावर बसून आबांनी त्या चाकात खाच कापली, तिच्यात पितळेचा तुकडा बसवला, कथलाने डाख दिला आणि बारीक कानशीने दाता घासला. चार फटके कानस, मग चाक फिरवून पाहायचं. पुन्हा दोन फटके. सकाळी बसले ते दुपारी उठले. मी म्हणालो, आबा, नवं चाक मिळेल की बाजारात. त्यांनी मान वर केली नाही. संध्याकाळी घड्याळ लावलं आणि सात ठोके नीट पडले. त्यानंतर दर रविवारी सकाळी आंघोळ झाली की दोन्ही भोकांत चावी द्यायचे, एक चालीची, एक ठोक्यांची. ते गेल्यावर तुझी आजी द्यायला लागली. म्हणजे ते घड्याळ चालू होतं. तू चालू घड्याळ मोडलंस.

मान खाली घालून उपयोग नाही, माझ्याकडे पाहा. मोडकं घड्याळ असतं, जुन्या बाजारातून किलोवर आणलेलं असतं, तर मी शब्द काढला नसता. पुण्याला बुधवारी-रविवारी जुना बाजार भरतो, तिथे कधीच चालणार नाहीत अशा घड्याळांचे ढीग पडलेले असतात. तिथवर जायचा कंटाळा केलास आणि घरच्या भिंतीवर हात घातलास. आजीला विचारलंस का? ती नाही म्हणाली नसेल, नातवाला कुठली आजी नाही म्हणते? पण रविवारी सकाळी चावी हातात घेऊन ती कुठे बघते, ते पाहिलंस का एकदा तरी?

वाफ म्हणजे काय ते दौंडच्या पोराने तरी विसरू नये, आणि तू तर दौंडच्या फिटरचा नातू. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 चा. तेव्हापासून या जंक्शनची अनेक घरं वाफेवर शिजली. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, मगच गाडी पुढे. आबा सांगायचे, इंजिनावर शोभेचं असं काही नसतंच. पाण्याची काच असते ती बॉयलरमध्ये पाणी किती ते दिसावं म्हणून. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो तो चढलेला दाब फुसकारून मोकळा करण्यासाठी. आणि भट्टीच्या छताला एक लेड प्लग असतो. छतावरचं पाणी उतरलं, धातू उघडा पडला, की त्या प्लगमधलं शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत शिरते, म्हणजे पुढचा अनर्थ होण्याआधी इशारा मिळतो. एवढ्याशा शिशावर ड्रायव्हर आणि फायरमनचा जीव. 1970 मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून शेवटचं ब्रॉडगेज वाफेचं इंजिन बाहेर पडलं, त्याला 'अंतिम सितारा' नाव दिलं होतं. ते नाव उच्चारताना आबांचा आवाज बदलायचा. त्यांनी ज्या कामाला हात घातला, तिथे प्रत्येक वस्तूला जागा होती आणि जागेला कारण होतं. तुला स्टीमपंक करायचा असेल तर एवढंच त्यांच्याकडून घे.

तू दिव्यावर प्रेशर गेजही लावलंस, काच फोडून, काटा गोंदाने बारावर चिकटवून. त्याच्या आत कधी डोकावलास? आत चपटी केलेली पितळेची वाकडी नळी असते. दाब आला की ती सरळ व्हायला बघते, तिच्या टोकाची दांडी एका अर्ध्या दातेरी चाकाला ओढते, ते चाक लहान चाकाला फिरवतं आणि काटा सरकतो. बूर्दाँ नावाच्या फ्रेंच माणसाची ही युक्ती, 1849 ची. पावणेदोनशे वर्षं झाली, अजून तशीच चालते. पाठीला काच बसवून ते आतलं यंत्र उघडं ठेवलं असतंस, थोडा दाब देऊन काटा हलवायची सोय केली असतीस, तर पाहणारा तासभर दिव्यापुढून उठला नसता. तू सगळ्यात सुंदर भाग झाकून टाकलास आणि तबकडी पुढे केलीस.

आणखी एक, हे आईसमोर बोललो नाही. पंधरा दिवसांपूर्वी तुला रात्रभर थंडी वाजून ताप आला, तोंडाला धातूची चव होती, दुसऱ्या दिवशी आपोआप उतरला. आईला वाटलं व्हायरल. त्या दिवशी तू जस्ताचा मुलामा असलेला पाइप बर्नरवर लाल करत होतास, जुना दिसावा म्हणून, आणि खिडकी बंद होती. खरं ना? जस्ताचा तो पांढरा धूर छातीत गेला की असाच ताप येतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप तापवायचा नाही. बंद खोलीत स्प्रे मारायचा नाही, आणि शेगडी पेटलेली असताना तर घरातच नाही. तुझ्या खोलीत लहान बहीण झोपते.

स्प्रे मुळात लागतोच कशाला? तुमच्या माळ्यावर तांब्याचा बंब होता. मी पाहिलाय. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत गोवऱ्या पेटायच्या, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. उभा बॉयलर हाच. फक्त पाणी कोंडलेलं नसतं म्हणून दाब साठत नाही, एवढाच फरक. मराठी घरातलं याहून मोठं वाफेचं यंत्र मला दाखव. तो बंब तुम्ही भंगारात घातलात आणि तू पुण्याहून तांब्याच्या रंगाचं प्लॅस्टिक विकत आणलंस. त्या नळीचा, त्या तोटीचा दिवा केला असतास तर मी तो देवघराशेजारी ठेवला असता. पितळी स्टोव्हची टाकी, पंपाची दांडी, पेट्रोमॅक्सची जाळी, कडबाकुट्टीचं ओतीव चाक, आजीचं शेवयांचं यंत्र, यातलं जे खरंच निकामी झालंय ते घे. हवं तर कसब्यात तांबट आळीला जा आणि मठारकाम करणाऱ्याच्या शेजारी दिवसभर बस. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, तापवलं की पुन्हा मऊ पडतं, हे कानाने ऐकून कळतं, आवाज बदलतो. तांब्याला जुनं रूप द्यायचं तर उकडलेलं अंडं कुस्करून तुकड्याशेजारी डब्यात ठेव आणि झाकण लाव. अंड्यातल्या गंधकाने काही तासांत काळपट तपकिरी छटा चढते. चकाकी हवी तर चिंच आणि मीठ. घरातल्या कुठल्याही बाईला हे माहीत आहे, तुला डबाभर सोनेरी रंग लागला.

साधनं नाहीत असं मला सांगू नकोस. आपल्याच शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधनाचं काम सोडून तो माणूस पाबळच्या माळावर आला, कारण हाताने काम करतच मूल शिकतं, यावर त्याचा विश्वास होता. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब, म्हणजे वस्तू स्वतः बनवून बघायच्या कार्यशाळा, उभ्या केल्या, त्यात 2002 मध्ये पाबळ होतं. शाळेत नापास झालेली पोरं तिथे वेल्डिंग करतात, घुमटाकार घरं उभारतात, सर्किट जोडतात. जोडलेलं चाललं पाहिजे, ही तिथली पहिली अट. तू दर आठवड्याला त्या बाजूने मोटरसायकलवर जातोस आणि एकदाही आत शिरला नाहीस. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून. तिथे बोटाएवढा सिग्नल पडतो तेव्हाच बोटाएवढी गाडी सुटते. जाऊन बघ. लहान वस्तूही खरी असू शकते, हे तिथे दिसेल.

तुझ्या हातात कसब आहे. तुझ्या जोडकामाची नळी मी वाकवून पाहिली, डाख पक्का आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच एवढा बोलतोय. ज्याला येत नाही त्याला मी शिकवतो, ज्याला येतं आणि घिसाडघाई करतो त्याला सोडत नाही.

येत्या रविवारी सकाळी आठला ये. घड्याळाचं जे जे उरलंय ते सगळं एका डब्यात आण, पेटी, लंबक, चावी, स्क्रूसुद्धा. कमान तशीच गुंडाळलेली असेल तर तिला हात लावू नकोस, ती सुटली तर बोटं जातील. तिचा ताण मी उतरवतो. दिव्यावरची चाकं पटाशीने उचकटायची नाहीत. ॲसिटोनमध्ये बुडवून ठेव, गोंद सुटेल, स्प्रेही सुटेल, पितळेला काही होत नाही. अंगणात बस, जवळ विस्तव नको. सुटली की एकेक चाक धुऊन त्याचे दाते मोज आणि वहीत लिही, कोणतं कोणाला भिडत होतं ते बाणाने दाखव. बारीक वाटलं म्हणून अंदाजे लिहायचं नाही, दोनदा मोज. फिकट दात्याच्या चाकाला तारेचा ब्रश लावू नकोस. कापसाने पूस, आबांचं कथील तीस वर्षांनंतरही धरून आहे.

आणि आजीला सांग, महिनाभरात घड्याळ लागेल. मी सांगणार नाही, तू सांग.

आता तो मोबाइल काढ. चौदा जणांची नावं या कागदावर लिही. पहिला फोन माझ्यासमोर लाव आणि दिवा आत्ताच्या आत्ता प्लगमधून काढायला सांग.